आधी लगीन भाताचं

हल्लीच्या वीरपुरुषांचा निम्मा दिवस भाजी खुडण्यात जातो. आमच्या लहानपणी वीर म्हटला की तो घोड्यावर मांड ठोकायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि थेट शत्रूवर तुटून पडायचा. त्याने सकाळी काय खाल्लं होतं, रात्री भूक भागली होती की नव्हती, हे इतिहासाच्या पुस्तकात कधी आलं नाही. आता कॉम्प्युटरवरच्या खेळांतला वीर पाहा. राज्यावर संकट कोसळलेलं आहे, राजकन्या शंभर वर्षं किल्ल्यात राक्षसाला एकटीने थोपवून धरते आहे, आणि हा गडी ओढ्याकाठी मिरच्या तोडत बसला आहे. का, म्हणून विचारलं तर पुढच्या डोंगरावर थंडी फार आहे आणि मिरची घालून शिजवलेलं खाल्लं की थंडी बाधत नाही.

या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, हे ज्ञान आमच्या घरी चिरंजिवांमुळे आलं. ते इंजिनिअरिंगला आहेत, म्हणजे घरीच असतात. या खेळात आपण एक पात्र घ्यायचं आणि त्याला वाढवायचं. जीव, दम, बळ, वेग, नशीब असे त्याचे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात आकडा. राक्षस मारले की आकडे वाढतात, हा झाला जुना राजमार्ग. पण अलीकडे बऱ्याच खेळांनी चुलीवरून आणि शेतातून जाणारी पायवाटही काढली आहे. आधी पेरा, मग काढा, मग शिजवा, मग खा आणि मग काय ती तलवार उचला. तानाजी मालुसऱ्यांनी मुलाचं लग्न बाजूला ठेवून आधी कोंढाण्याचं लगीन लावलं. या वीरांचं आधी लगीन मुळ्याचं, मग बटाट्याचं, आणि कोंढाणा राहिला तर रविवारी.

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’मध्ये तर जेवणाची वेळ युद्धाच्या मधोमध येते. समोर ड्रॅगन जबडा वासून उभा, घशातून ज्वाळा निघालेल्या, आणि आपला वीर काळ थांबवून पिशवीतून चीजची अख्खी चाकं काढून एकामागून एक संपवतो. ड्रॅगन तसाच थांबलेला. लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या खुर्चीला हात लावून मागे उभा राहणारा माणूस सोडला, तर इतका संयम मी कोणात पाहिलेला नाही. याच खेळात कोबी, बटाटा, टोमॅटो आणि लीक नावाची कांद्याच्या जातीची एक भाजी यांचं सूप आहे. ते प्यायलं की ७२० सेकंद, म्हणजे बरोबर १२ मिनिटं, दर सेकंदाला जीव आणि दम एकेकाने भरत राहतो. जाणकार सांगतात, हे सूप पोटात असलं की ड्रॅगनची फार काळजी करायची नाही. आमच्याकडे नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोचं कॅरेट गाडीभाडंही सुटू नये अशा भावाने जातं तेव्हा लोक ते वैतागून रस्त्यावर ओततात. त्या दिवशी चार-पाच ड्रॅगन सहज मरतील एवढं बळ डांबरावर सांडलेलं असतं, आणि त्यावरून एसटी जाते.

‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा २०१७ सालचा जपानी खेळ. मिरच्या तोडणारा तो वीर यातलाच. यातला स्वयंपाक आमच्या हिने एकदा उभ्या उभ्या पाहिला. वीराने हातात पाच जिन्नस धरले, एकदम कढईत टाकले, कढईने गाणं म्हटलं आणि पदार्थ तयार.

“फोडणी कुठंय?” हिने विचारलं.

“यात फोडणी नसते, आई.”

“मग हे शिजवणं नव्हे, हे टाकणं झालं.”

जिन्नस भलतेच जमवले, तर होणाऱ्या पदार्थावर खेळ स्वतःच धूसर चौकोन टाकून तो झाकतो आणि त्याला ‘संशयास्पद पदार्थ’ असं नाव देतो. आमच्या वेळच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये ही सोय हवी होती. उलट ड्युरियन नावाचं, फणसाच्या वळणाचं काटेरी फळ नुसतं एक शिजवून खाल्लं, तरी सगळा जीव भरून येतो आणि वर चार बदाम जास्तीचे मिळतात. बदाम म्हणजे पत्त्यातले. जीव तिथे बदामांत मोजतात.

आणखी एक गंमत आहे. या खेळात मधूनमधून रात्री चंद्र लालभडक होतो. मेलेले राक्षस पुन्हा उठतात, हवेत राख उडते, आणि अशा रात्री साडेअकरापासून बारापर्यंत जे शिजवाल ते हमखास जास्त गुणकारी होतं. हे ऐकून आमची आजी उठून गेली असती. ग्रहणात चूल पेटवायची नाही, आधी शिजलेल्यावर तुळशीचं पान ठेवायचं, गरोदर बाईने विळीला हात लावायचा नाही, हे तिचे नियम. आणि इथे नेमका चंद्राचा रंग बदलला की वीर लगबगीने कढईकडे धावतो.

पण खरं सांगायचं तर हे सगळं शास्त्र आजीला ठाऊक होतं. तिच्याकडे फक्त आकडे नव्हते. डिंकाचा लाडू कंबरेला, हळीव रक्ताला, मेथी वाताला, बदाम बुद्धीला आणि साजूक तूप सगळ्यालाच, असा तिचा तक्ता होता. तो तिने कुठेही लिहून ठेवला नव्हता आणि त्यावर कोणी शंकाही काढली नव्हती. तालमीतला वस्ताद तेच करायचा. जोर-बैठका किती मारल्या हे विचारायच्या आधी खुराक काय घेतला ते विचारायचा. फरक एवढाच की खेळातल्या पदार्थावर गुण आणि मुदत स्वच्छ छापलेली असते. अमुक खाल्लं की शेती +२, वेग +१, इतकी मिनिटं. आजीच्या लाडवाची मुदत विचारली तर ती म्हणायची, “म्हातारपणी कळेल.” आता कळायला लागलंय, पण तक्रार नोंदवायला आजी नाही.

नशिबाचंही तेच. ‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळात ‘लकी लंच’ नावाचा पदार्थ नशीब तीनने वाढवतो. त्याला समुद्रकाकडी लागते, टॉर्टिया नावाची मक्याची पोळी लागते आणि एक निळं फूल लागतं. आमच्याकडे हेच काम वाटीतल्या दही-साखरेने होतं. खर्चाच्या बाबतीत आमचं तंत्र पुष्कळच पुढारलेलं. परिणाम मात्र प्रश्नपत्रिका हातात पडेपर्यंतच टिकतो.

थंडीवरच्या उपायासाठी तर नाशिककराने कुणाकडे जाऊच नये. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा असा उतरतो की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. त्या दिवसांत सकाळी सातला मिसळीच्या कुठल्याही दुकानापुढे उभे राहा. कानटोपी, मफलर, स्वेटर अशी चिलखतं चढवून वीर आत शिरतात. काळ्या मसाल्याची पहिली तर्री गेली की मफलर सुटतं, दुसरीला कानटोपी निघते, तिसरीला माणूस कपाळ पुसत ‘पंखा लावा’ म्हणतो. थंडी-प्रतिकार +३. मग दही खाऊन उष्णता-प्रतिकार करायचा आणि पाव आणखी मागवायचा. एवढं बळ कमावून हा वीर सातपूरच्या कंपनीत जातो आणि दहापर्यंत झोपा काढतो, ती गोष्ट वेगळी.

आणि या सगळ्यांचा मूळपुरुष भीम. दुर्योधनाने विष चारून गंगेत टाकला तेव्हा तो नागलोकात पोचला. तिथे रसाची कुंडं होती, एका कुंडात हजार हत्तींचं बळ. भीम आठ कुंडं प्यायला. व्यासांनी आकडे देऊन ठेवलेत, हे पाहा. पुढे बकासुराकडे गाडाभर अन्न पोचवायला गेला, तर ते त्याच्याच समोर बसून खायला लागला. बकासुर चिडून पाठीत प्रहार करतो आहे आणि भीम मान वळवायलाही तयार नाही. स्कायरिमच्या वीराला चीज खाण्यासाठी काळ थांबवावा लागतो, भीमाला तेवढीही गरज पडली नाही. कृष्णाने तर द्रौपदीच्या थाळीला चिकटलेलं भाजीचं पान तोंडात टाकलं आणि तिकडे नदीवर दुर्वासांच्या दहा हजार शिष्यांना ढेकर आले. एकाने खाऊन सगळ्या टोळीचं पोट भरण्याची ही सिद्धी आजच्या खेळांतही फार वरच्या पातळीवर मिळते, असं चिरंजीव म्हणतात.

मात्र भीमाने कधी वाफा खणल्याचं ऐकिवात नाही. जे खायचं ते आधी पिकवायचं, ही भर जपान्यांची. १९९६ साली यासुहिरो वादा यांनी ‘हार्वेस्ट मून’ आणला. लढाईबिढाई काही नाही, आजोबांचं पडीक शेत दुरुस्त करायचं. पुढे त्या घराण्यात ‘रून फॅक्टरी’ निघाली, तिच्यात सकाळी कोबीला पाणी आणि दुपारी राक्षसाला तलवार, असं वेळापत्रक आलं. आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एरिक बॅरोन नावाच्या माणसाने ‘स्टारड्यू व्हॅली’ काढली. चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रॅम सगळं एकट्याने, सुमारे साडेचार वर्षं खपून. शेतीत घरचं कोणी मदतीला नसलं की असाच वेळ लागतो.

आमचे थोरले चुलतभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते एकदा आले असताना चिरंजीव स्टारड्यू खेळत होते. शेत दिसलं म्हणून दादा शेजारी खुर्ची ओढून बसले.

“हा माल काढला. आता?”

“आता घराबाहेरच्या या पेटीत टाकायचा आणि झोपायचं. सकाळी पैसे येतात.”

“लिलाव?”

“नाही.”

“हमाली, तोलाई?”

“नाही.”

“भाव कोण काढतं?”

“ठरलेला असतो, काका. वर्षभर तोच.”

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मग यात खेळ कुठंय?”

यावर चिरंजिवांना उत्तर सुचलं नाही. पुढे दादांनी एकेक चौकशी केली आणि त्यांचा चेहरा पडत गेला. टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि उद्या तसंच होतं. बुजगावणं उभं केलं की त्याच्या टापूत कावळा फिरकत नाही. आमच्याकडे कावळा त्याच्या डोक्यावर बसून पिकाची पाहणी करतो. रात्री दोनला स्टारड्यूचा शेतकरी जिथे असेल तिथे बेशुद्ध पडतो, कोणीतरी त्याला उचलून घरी आणतं आणि खिशातले थोडे पैसे कापले जातात. आमच्या शेतकऱ्याचा पाळीचा आठवडा असला की रात्रीच थ्री फेज वीज येते आणि तो दोनला पांघरूण फेकून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो. एकाचा दिवस जिथे कायद्याने संपतो, तिथे दुसऱ्याचा सुरू होतो.

द्राक्षाचा विषय मुद्दाम टाळावा असं मला वाटत होतं, पण दादांना वेल दिसलाच. स्टारड्यूत द्राक्ष लावल्यावर दहा दिवसांत घड येतो आणि पुढे दर तीन दिवसांनी येत राहतो.

“तीन दिवसांनी?”

“हो.”

“छाटणी?”

“नसते.”

दादा गप्प झाले. त्यांच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे काडी तयार करायची. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते, म्हणजे फळ धरायचं. त्यानंतर चार महिने डोळ्यांत तेल. पानावर तेलकट डाग दिसला की डाऊनी, पांढरी पूड दिसली की भुरी, ढग आले की फवारणी, पाऊस आला की धुऊन गेलेल्या फवारणीवर पुन्हा फवारणी. मग विरळणी, मग घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवणं. माल परदेशी जायचा तर मण्याची जाडी मोजायची, गोडी मोजायची, औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. खेळातल्या शेतकऱ्याची पीक काढता काढता शेतीची पातळी चढते आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला दम कमी लागतो. दादांचीही पातळी वर्षागणिक चढते आहे. मणक्याची चौथी आणि पाचवी, असं डॉक्टर सांगतात.

कांदा मात्र स्टारड्यूत नाही. रानात आपोआप उगवणारी पात तेवढी आहे. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ज्याचं नाव घेतात त्या लासलगावच्या शेजाऱ्यांना हे खटकणारच. पण बॅरोनसाहेब शहाणे. कांदा घातला असता तर प्रकरण पेटीवर भागलं नसतं. चाळ बांधावी लागली असती, उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत सडू न देता ठेवावा लागला असता, आणि भाव जरा वर आला रे आला की मागची निर्यातबंदीही प्रोग्रॅममध्ये लिहावी लागली असती. ती २०२३ च्या डिसेंबरात आली आणि २०२४ च्या मे महिन्यात उठली. एवढ्या अवधीत स्टारड्यूत एक वर्ष उलटून दुसऱ्या वर्षाचे मुळेही निघतात.

दादा जाताना एक प्रश्न विचारून गेले. “हा पिकवतो ते खातो कधी?” चिरंजिवांनी सांगितलं, की हवं तेव्हा, आणि खाल्लं की ताकद वाढते. दादांनी मान हलवली. त्यांच्या बागेतला चांगला घड घरात येत नाही. घरात येतात ते गळालेले मणी, तडकलेले घड आणि तपासणीत नाकारलेला माल. पहिल्या प्रतीची पेटी कंटेनरमध्ये बसून जाते. भारताच्या द्राक्षांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक नेदरलँड्स. आता योगायोग पाहा, जगात सरासरीने सर्वांत उंच माणसं नेदरलँड्समध्येच आहेत. त्यात निफाडचा काही हात आहे असा माझा दावा नाही. पण छाटणी इकडे, फवारणी इकडे, मणका इकडे आणि +२ तिकडे, हा हिशोब कोणत्याही खेळाच्या नियमात बसत नाही. खेळाचा पहिला नियमच असा, की जो राबला त्याच्याच अंगी लागलं पाहिजे.

हा नियम सर्वांत कडक पाळणारा खेळ म्हणजे ‘साकुना : ऑफ राइस अँड रुइन’. २०२० च्या नोव्हेंबरात आला. करणारी एडेलवाइस ही जपानी मंडळी मुळात दोघांची. साकुना ही लाडावलेली देवकन्या. स्वर्गात तिच्या हातून भाताचं कोठार जळतं, म्हणून तिला राक्षसांनी भरलेल्या बेटावर धाडतात. तिथे राक्षस मारायचे तर बळ हवं, आणि कितीही राक्षस मारले तरी तिचं अंगचं बळ वाढत नाही. ते वाढतं फक्त भाताने. पीक किती आलं, चव कशी आली, दाणा चिकट किती, दिसायला कसा, सुवास कसा, या एकेका गुणावर देवीची एकेक शक्ती अवलंबून. आणि भातही बटण दाबून येत नाही. मिठाच्या पाण्यात बी टाकून तरंगणारं काढायचं, रोप करायचं, चिखल करायचा, उलट्या पावली लावणी करायची, पाणी राखायचं, निंदायचं, कापायचं, दांडीवर वाळत घालायचं, झोडायचं, सडायचं. जपानमधले खेळाडू इतके टेकीला आले की त्यांनी थेट त्यांच्या कृषी मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडून त्यात युक्त्या शोधल्या. रात्री बारा वाजता, स्वखुशीने, अनुदानाची अपेक्षा न ठेवता कोणी कृषी खात्याची माहिती वाचल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

चिरंजिवांना जपानी येत नाही. त्यांनी घोटीच्या मामांना फोन लावला. घोटी इगतपुरी तालुक्यातलं. पाऊस पडतो तो पडतोच, आणि भातगिरण्या डझनांनी. मामांचं सगळं शिवार भाताचं.

“मामा, भाताला पाणी किती ठेवायचं?”

“इंजिनिअरिंग सोडलं का रे?”

“नाही, माझ्या नाही. एका देवीच्या भाताला.”

“देवस्थान इनाम का? कुळ कोण लागलंय?”

हे मिटायला बराच वेळ गेला. खेळातली देवी आहे, कुळ नाही, तलाठी नाही, सातबारा नाही, हे कळल्यावर मामा मोकळे झाले. “लावल्यावर बोटभर ठेव. फुटवे धरले की दोन बोटं. पोटरीला आला की चार बोटं, तिथं कंजूषपणा नको. कापायच्या आधी आठ-दहा दिवस बांध फोडून सगळं सोडून दे.” मग दर दोन दिवसांनी त्यांचाच फोन यायला लागला. देवी लावते किती दाट? एका चुडात रोपं किती? “दोन, लई झाली तर तीन. मूठभर कोंबू नको म्हणावं, रोग पडतो. चारसूत्री कर की, सावंत डॉक्टरांनी सांगितलीय तशी. एक वीत इकडं, अर्धी वीत तिकडं. गिरिपुष्पाचा पाला हाये का बेटावर?” बी मिठाच्या पाण्यात घालते म्हटल्यावर तर ते खूश झाले. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, ही गोष्ट आमच्या कृषी सहायकाने किती वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितली, आणि गावात ऐकलं कोणी तर या परगावच्या देवीने.

“खत काय घालते?”

चिरंजीव अडखळले. “ते... म्हणजे घरातल्या माणसांचं...”

“सोनखत म्हण की! लाजतो काय त्यात?”

शेवटी तो प्रश्न आलाच. “भाव काय मिळाला देवीला?”

“विकत नाही, मामा. स्वतः खाते. घरात पाच-सहा माणसं आहेत, संध्याकाळी सगळे एकत्र बसून जेवतात. रात्रीचं जेवण दुसऱ्या दिवशी ताकद देतं.”

“बराबर हाये,” मामा म्हणाले. “आम्ही काय येगळं करतो?”

वेगळं करत नाहीत हे खरं. मामांचा इंद्रायणी भात आधी कणगीत जातो, मग बहिणींच्या घरी पोती जातात, आणि उरला तर गिरणीत. त्यामुळेच दादांना जिथे खेळ दिसला नाही, तिथे मामांना नवल वाटलं नाही. जो विकण्यासाठी पिकवतो त्याला या खेळांतली शेती थापेबाज वाटते, आणि जो खाण्यासाठी पिकवतो त्याला ती शेजारच्या गावची वाटते. जपानमध्ये आणि अमेरिकेत बसून खेळ करणाऱ्यांनी बाजार, दलाल, कंटेनर सगळं गाळलं आणि नेमका खाणारा शेतकरी उचलला. आमच्या जिल्ह्यात आता तो इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे चढ चढून गेल्याशिवाय भेटत नाही. तिथे पावसाळ्यात भात आणि नागली लावतात आणि वर्षभर ती खातात. त्यांच्या अंगाला काय लागतं ते पाहायचं असेल, तर डोक्यावर भारा घेतलेल्या तिथल्या एखाद्या सत्तरीच्या आजीमागून चढ चढून बघा. तिच्या दमाचा आकडा कुठे लिहिलेला नाही, पण आपला किती उरलाय तो लगेच कळतो.

पुढे मामा नाशिकला आले. बांधाच्या दाव्याची तारीख होती. कोर्टात नेहमीप्रमाणे पुढची तारीख पडली आणि मामा अकरालाच मोकळे होऊन आमच्या घरी आले. चिरंजीव कॉलेजला निघाले होते. त्यांनी मामांच्या हातात खेळाचं यंत्र दिलं, लावणी कशी करायची ते दाखवलं आणि गेले. पहिली ओळ वाकडी आली तेव्हा मामांनी स्वतःला एक शिवी दिली. दुसरी दोरी धरल्यासारखी सरळ. जेवायला हाक मारली तर म्हणाले, “दाजी, तुम्ही बसा. पाणी सोडून येतो.” ताट झाकून ठेवावं लागलं. त्या बेटावर एक ऋतू तीनच दिवसांचा असतो. दुपार कलली तोवर देवीची कितीतरी सुगीची वर्षं उलटून गेली होती. मामा एकेक दाणा पाहात होते. वास येत नाही, एवढी एकच त्यांची खेळाबद्दल तक्रार होती.

संध्याकाळी चिरंजीव परत आले आणि पडद्यासमोर उभेच राहिले. देवीचे सगळे आकडे असे चढले होते की त्यांनी तसे कधी पाहिले नव्हते. बळ, जीव, वेग, सगळंच.

“मामा! आणि राक्षस किती मारले?”

“कुठले?”

“अहो, बेटावरचे! डोंगरात आहेत ते. मारायचेत त्यांना. त्याच्यासाठीच तर भात लावायचा.”

मामांनी यंत्र मांडीवर ठेवलं. “आपल्या बांधावर आले का ते?”

“नाही. ते त्यांच्या जागेवर असतात.”

“मग कशाला जायचं उगा? तारखा सुरू होतात.”

“पण मामा, एवढी ताकद करून ठेवलीत, ती काय करायची मग?”

“ऱ्हाऊ दे की,” मामा पुढच्या वाफ्याचा चिखल करायला घेत म्हणाले. “पुढच्या साली पाऊस नाही झाला, तर कामाला येईल.”